आधी पगारपत्रक, मग जर्सी

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा 2025-26 चा हंगाम 21 ऑक्टोबर 2025 ला सुरू झाला; ही उत्तरं त्याच्या तोंडावर लिहिलेली आहेत. उन्हाळ्यात केव्हिन ड्युरांट ह्यूस्टनला गेला, डेमियन लिलार्ड पोर्टलंडला परतला आणि 2024 चा बॉस्टनचा विजेता संघ वर्षभरात विस्कटला. या वेळी आलेली बहुतेक पत्रं याच उलथापालथीबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. सगळे पगार डॉलरमध्ये, जवळच्या लाखापर्यंत धरले आहेत.

प्रश्न : ड्युरांट एका संघातून दुसऱ्या संघात गेला, मग त्या ट्रेडमध्ये सात संघ कसे? आणि बातमी जूनमध्ये आली तरी शिक्कामोर्तब जुलैत का झालं?

ट्रेड म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, आणि या सौद्याचा गाभा दोनच संघांचा आहे. फिनिक्स सन्सने ड्युरांट दिला. ह्यूस्टन रॉकेट्सने जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधली) दहावी निवड आणि दुसऱ्या फेरीच्या पाच निवडी दिल्या. ड्युरांटचा या हंगामाचा पगार 5 कोटी 47 लाख. ग्रीनचे 3 कोटी 33 लाख आणि ब्रुक्सचे 2 कोटी 11 लाख मिळून होतात साधारण 5 कोटी 45 लाख. फरक दोन-अडीच लाखांचा, आणि तो योगायोग नाही. फिनिक्सचं पगारपत्रक इतकं फुगलेलं होतं की दिलेल्या पगारापेक्षा एक डॉलरही जास्त घेण्याची त्यांना मुभा नव्हती.

उशीर झाला तो ग्रीनमुळे. त्याचा वाढीव करार 1 जुलैपासून लागू होणार होता. 30 जूनपर्यंत त्याचा पगार सव्वा कोटीच होता, त्यामुळे जूनमध्ये हिशेब जुळलाच नसता. सौदा 22 जूनला ठरला. नव्या वर्षाचे करार 6 जुलैच्या दुपारपर्यंत नोंदवता येत नाहीत, म्हणून शिक्का त्या दिवशी बसला.

उरलेले पाच संघ, म्हणजे अटलांटा, ब्रुकलिन, गोल्डन स्टेट, मिनेसोटा आणि लेकर्स, छोट्या कामांसाठी आले. ड्राफ्टच्या रात्री दुसऱ्या फेरीतल्या निवडींचे जे किरकोळ सौदे झाले, ते याच कागदपत्रांत गुंफले गेले. क्लिंट कपेला करार करून अटलांटाहून ह्यूस्टनला आला, तोही यातच. संघांच्या संख्येने हा एनबीएतला आजवरचा सर्वांत मोठा ट्रेड. आधीचा विक्रम सहा संघांचा होता, 2024 मध्ये क्ले थॉम्पसन डॅलसला गेला तेव्हाचा.

प्रश्न : जो तो 'पहिला एप्रन', 'दुसरा एप्रन' म्हणतो. सॅलरी कॅप एकच ना? मग या बाकीच्या रेषा कशासाठी?

संघाच्या एकूण पगारखर्चावर रेषा चार आहेत. या हंगामाचे आकडे खालून वर असे: सॅलरी कॅप 15 कोटी 46 लाख, लक्झरी टॅक्सची रेषा 18 कोटी 79 लाख, पहिला एप्रन 19 कोटी 59 लाख, दुसरा एप्रन 20 कोटी 78 लाख.

कॅप ही भिंत नाही, हे आधी लक्षात घ्या. स्वतःच्या जुन्या खेळाडूला ठेवायला संघ कॅप ओलांडू शकतो. याला लॅरी बर्डच्या नावावरून बर्ड हक्क म्हणतात. टॅक्सची रेषा ओलांडली की मालकाच्या खिशाला चाट बसते, पण ट्रेड करायची मोकळीक फारशी कमी होत नाही. खरे दरवाजे बंद होतात ते एप्रनपाशी.

पहिल्या एप्रनच्या वर असलेला संघ ट्रेडमध्ये दिलेल्यापेक्षा जास्त पगार घेऊ शकत नाही आणि 1 कोटी 41 लाखांची मोठी सवलत (कॅपच्या वर असूनही करार करण्याची मुभा) वापरून बाहेरचा खेळाडू आणू शकत नाही. हंगामात दुसऱ्या संघाने मोकळा केलेला खेळाडू त्या सवलतीपेक्षा महाग करारावर होता, तर तोही त्यांना मिळत नाही.

दुसऱ्या एप्रनच्या वर हात आणखी बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार जोडून एक महागडा खेळाडू आणता येत नाही. ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही. सात वर्षांपुढची पहिल्या फेरीची निवड गोठते, आणि पुढच्या चारपैकी दोन हंगामांत संघ पुन्हा त्या रेषेच्या वर राहिला तर ती निवड थेट फेरीच्या शेवटी ढकलली जाते.

क्लीव्हलंड कॅव्हलियर्सकडे पाहा. गेल्या हंगामात 64 सामने जिंकलेला हा संघ दुसऱ्या एप्रनच्या वर आहे. उन्हाळ्यात त्यांनी केलेला ट्रेड कोणता? आयझॅक ओकोरो देऊन लॉन्झो बॉल घेतला. एकास एक, आणि येणाऱ्याचा पगार जाणाऱ्यापेक्षा कमी. त्यांना परवडणारा आकार एवढाच होता.

इथे बऱ्याच वाचकांचा घोळ होतो तो 'हार्ड कॅप'पाशी. एप्रनखाली असलेल्या संघाने काही विशिष्ट सवलती वापरल्या, तर तो एप्रन त्याच्यासाठी पुढच्या 30 जूनपर्यंत पक्कं छप्पर होतो. मोठी सवलत वापरली, करार-आणि-ट्रेड पद्धतीने (जुन्या संघाशी नवा करार करून लगेच ट्रेड) खेळाडू आणला किंवा दिल्यापेक्षा जास्त पगार घेतला, तर छप्पर पहिल्या एप्रनचं. पगार जोडले, रोख दिली किंवा 57 लाखांची छोटी सवलत वापरली, तर दुसऱ्याचं. मग कितीही अडचण येवो, एक डॉलरही वर जाता येत नाही. याची किंमत काय पडते, ते पुढच्याच उत्तरात दिसेल.

प्रश्न : ड्युरांट आल्याने रॉकेट्स थेट विजेतेपदाचे दावेदार झाले का? पहिल्या काही सामन्यांत नेमकं काय पाहावं?

दावेदार आहेत, पण सप्टेंबरमध्ये एक मोठा खड्डा पडला. पॉइंट गार्ड फ्रेड व्हॅनव्हलीटच्या गुडघ्याचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, फाटला. चेंडू पुढे आणून सेट लावणारा त्यांचा एकमेव मुरलेला माणूस बाहेर गेला. रॉकेट्सनी उन्हाळ्यात मोठी सवलत वापरून डोरियन फिनी-स्मिथ आणला आणि करार-आणि-ट्रेडने कपेला. दोन्हींमुळे ते पहिल्या एप्रनच्या हार्ड कॅपखाली आले आहेत आणि छपरापर्यंत जागा जवळजवळ उरलेली नाही. बाजारातून चांगला पॉइंट गार्ड उचलायला त्यांच्याकडे पैसा नाही असं नव्हे, परवानगी नाही.

बास्केटबॉलच्या बाजूने पाहिलं तर हा मेळ आम्हाला मनापासून आवडतो. गेल्या हंगामात रॉकेट्स 52 सामने जिंकून पश्चिम विभागात दुसरे आले. आपल्याच चुकलेल्या फटक्यानंतर समोरच्या बास्केटखालून चेंडू परत मिळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण समोरचा बचाव एकदा नीट लागला की त्यांना गुण सुचत नसत, आणि गोल्डन स्टेटविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत ते उघडं पडलं. ड्युरांटचा उपाय अगदी त्याच दुखण्यावर आहे. गेल्या हंगामात त्याने सामन्यामागे 26.6 गुण केले आणि तीन गुणांचे 43 टक्के फटके टाकले. तो 37 वर्षांचा आहे, पण जवळपास सात फूट उंचीच्या माणसाचा उडीतला फटका वयाबरोबर सगळ्यांत हळू झिजतो.

पाहायचं ते हे. चेंडू मध्यरेषेपलीकडे कोण आणतो? अमेन थॉम्पसन आणत असेल तर त्याचा रक्षक चार-पाच पावलं मागे राहील, कारण थॉम्पसन लांबून मारत नाही. तो मोकळा रक्षक ड्युरांटकडे जाणाऱ्या पासच्या वाटेत उभा राहतो. रीड शेपर्ड आणत असेल तर लांबचा फटका आहे, पण दुसऱ्या टोकाला त्याचा बचाव समोरचे संघ हेरून काढतील.

दुसरं, ड्युरांटच्या हातात चेंडू पहिल्यांदा येतो तेव्हा 24 सेकंदांच्या घड्याळात (तेवढ्यात फटका मारावाच लागतो) किती उरले आहेत ते बघा. 14-15 उरले असतील तर दुहेरी बचाव आला तरी त्याला पास काढून पुढची चाल घडवायला वेळ आहे. सात-आठच उरले असतील तर तो अवघड फटका मारणार. काही जातीलही, पण ते आक्रमण मे महिन्यात, म्हणजे प्लेऑफच्या बाद मालिकांत, टिकत नाही. तिसरं, अल्पेरेन शेंग्युन आणि स्टीव्हन अ‍ॅडम्स हे दोन्ही उंचे एकत्र किती मिनिटं खेळतात? चुकलेले चेंडू परत मिळवण्याची ताकद तिथूनच येते, आणि ड्युरांटने चुकवलेला फटकाही मग वाया जात नाही.

प्रश्न : लुका डॉन्चिचला डॅलसने सोडल्यामुळे त्याचं म्हणे शंभर-दीडशे मिलियनचं नुकसान झालं. हे खरं की अतिशयोक्ती?

आकडे खरे, निष्कर्ष अर्धवट.

कमाल पगार नोकरीच्या वर्षांवर ठरतो. सहा वर्षांपर्यंत कॅपच्या 25 टक्के, सात ते नऊ वर्षं झाली असतील तर 30 टक्के, दहा किंवा अधिक वर्षांना 35 टक्के. अपवाद 'सुपरमॅक्स'चा: आठवं-नववं वर्ष झालेल्या खेळाडूला ऑल-एनबीए संघात (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) स्थान किंवा तशा बहुमानाची अट पूर्ण करून 35 टक्के मिळू शकतात. मात्र हा करार खेळाडू ज्या संघात घडला त्यानेच द्यायचा असतो. डॅलसमध्ये डॉन्चिचला तो पाच वर्षांचा, सुमारे 34 कोटी 50 लाखांचा मिळाला असता. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने त्याला अँथनी डेव्हिसच्या बदल्यात लेकर्सला दिलं आणि तो हक्क संपला.

ऑगस्टमध्ये त्याने लेकर्सशी तीन वर्षांचा, 16 कोटी 50 लाखांचा वाढीव करार केला. ही रक्कम पाच वर्षांच्या रकमेशेजारी ठेवून वजाबाकी करणं चुकीचं आहे, कारण वर्षं वेगळी आहेत. करार 2026-27 पासून लागतो आणि तिसरं वर्ष त्याच्या मर्जीवर आहे. म्हणजे 2028 च्या उन्हाळ्यात तो बाहेर पडू शकतो. तेव्हा त्याची दहा वर्षं भरलेली असतील आणि 35 टक्के त्याला आपोआप लागू होतील, कुणाच्या मेहेरबानीशिवाय. वय असेल 29. मधल्या दोन वर्षांतला 30 आणि 35 टक्क्यांमधला फरक मात्र गेला तो गेलाच.

खेळाचं म्हणाल तर लेकर्सचं दुखणं सेंटरचं, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचं होतं. डेव्हिस गेल्यावर त्यांनी शार्लटकडून मार्क विल्यम्स घेतला, पण वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला आणि ट्रेडच रद्द झाला. त्याची शिक्षा प्लेऑफच्या पहिल्या फेरीत मिळाली. मिनेसोटाविरुद्ध पाचव्या आणि शेवटच्या सामन्यात रुडी गोबेअरने 27 गुण आणि 24 रिबाउंड (चुकलेल्या फटक्यांचे मिळवलेले चेंडू) घेतले. आता पोर्टलंडने मोकळा केलेला डिआंड्रे एटन आला आहे. डॉन्चिचला हवा तो त्याच्या रक्षकाची अडवणी (स्क्रीन) करून थेट रिमकडे, म्हणजे बास्केटच्या कड्याकडे, झेपावणारा सेंटर. एटनचा स्वभाव अडवणीनंतर मध्येच थांबून छोटा फटका मारण्याचा. पहिल्या दहा सामन्यांत त्याचे किती फटके रिमजवळून येतात, एवढं मोजलं तरी ही जोडी जमतेय की नाही ते कळेल. लेब्रॉन जेम्स त्याचा 23 वा हंगाम सायटिकाच्या दुखण्यामुळे उशिरा सुरू करणार आहे. म्हणून सुरुवातीच्या निकालांवरून लेकर्सचं मत बनवू नका.

प्रश्न : मिल्वॉकीने लिलार्डला काढून टाकलं आणि तरी पाच वर्षं पैसे देणार? यात शहाणपण कुठलं?

याला 'वेव्ह अँड स्ट्रेच' म्हणतात. खेळाडूला मोकळं करायचं आणि त्याचा उरलेला पगार ताणून पसरायचा. सूत्र सोपं आहे: उरलेली वर्षं गुणिले दोन, अधिक एक. लिलार्डची दोन वर्षं उरली होती, मिळून 11 कोटी 26 लाख. दोन दुणे चार, अधिक एक, पाच. म्हणजे दर वर्षी सुमारे 2 कोटी 25 लाख मिल्वॉकीच्या खात्यावर चढतील आणि मैदानात त्या बदल्यात कुणीही नसेल. याला मर्यादाही आहे. अशी ताणलेली रक्कम एका वर्षात कॅपच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. या हंगामात तो आकडा 2 कोटी 32 लाख. मिल्वॉकी त्यात जेमतेम बसली.

फिनिक्सने ब्रॅडली बीलबाबत हेच केलं, पण त्यांच्या खात्यावर आधीच असे दोन छोटे करार ताणलेले होते. तिघांची बेरीज 15 टक्क्यांत बसेना. म्हणून बीलने सुमारे 1 कोटी 39 लाख सोडून दिले, तेव्हा त्याचा वार्षिक बोजा 1 कोटी 94 लाखांवर आला. त्याने एवढी रक्कम का सोडली याचं कोडं पडलेल्यांसाठी हे उत्तर. नंतर तो क्लिपर्सकडे गेला.

यातून पगारपत्रकात मोकळ्या झालेल्या जागेत मिल्वॉकीला मिळाला माइल्स टर्नर, रिमचं रक्षण करणारा आणि तीन गुणांचा फटका मारणारा सेंटर. संघाचा तारा यानिस अँटेटोकुंपो याला रिमकडे घुसायला मोकळी वाट लागते आणि असे सेंटर बाजारात फार थोडे असतात. लिलार्डच्या टाचेची अकिलिस शीर एप्रिलमध्ये फाटली, त्यामुळे या हंगामात तो तसाही खेळणार नव्हता. आमचं मत विचाराल तर यंदा हा सौदा मिल्वॉकीला तारेल. पण 2027 नंतर ते सव्वादोन कोटी बोचू लागतील, कारण तेव्हा यानिस राहील की नाही हेच ठरलेलं नसेल.

प्रश्न : यानिस अमक्या संघात चालला, अशी बातमी दर आठवड्याला येते. खरी कोणती हे घरबसल्या कसं ओळखायचं?

पेन-कागद घ्या. पंधरा मिनिटांत बहुतेक अफवा गळून पडतात.

पहिल्यांदा खेळाडूचा पगार लिहा. यानिसचा यंदा 5 कोटी 41 लाख. मग त्याला घेऊ पाहणाऱ्या संघाचं एकूण पगारपत्रक पाहा आणि तो चार रेषांपैकी कुठे आहे ते ठरवा. दुसऱ्या एप्रनच्या वर असेल तर एकाच खेळाडूचा पगार किमान 5 कोटी 41 लाख असायला हवा. म्हणजे तारा देऊनच तारा. असा करार त्या संघात नसेल, तर बातमी तिथेच संपली. पहिल्या एप्रनच्या वर असेल तर दोन-तीन पगार जोडता येतील, पण बेरीज 5 कोटी 41 लाख किंवा जास्त हवी, आणि पगार जोडल्यामुळे दुसरा एप्रन त्यांचं छप्पर होईल. दोन्ही एप्रनच्या खाली असेल तर मोठ्या पगारांसाठी 125 टक्के अधिक अडीच लाखांचा नियम लागतो. उलटा हिशेब केला तर किमान 4 कोटी 31 लाखांचे पगार द्यावे लागतील. मात्र दिल्यापेक्षा जास्त घेतल्याने तो संघ पहिल्या एप्रनच्या छपराखाली येईल. म्हणून ट्रेडनंतरचं पगारपत्रकही बेरीज करून बघाच. ही पायरी सगळ्यात जास्त लोक विसरतात.

आता निवडी. संघ सात वर्षं पुढपर्यंतच्या निवडी देऊ शकतो, पण लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीच्या निवडीविना राहू शकत नाही. त्यामुळे स्वतःच्या सगळ्या निवडी शाबूत असलेल्या संघालाही जास्तीत जास्त 2026, 2028, 2030 आणि 2032 अशा चारच देता येतात. मधल्या वर्षांत 'स्वॅप', म्हणजे निवडींच्या अदलाबदलीचा हक्क. ताऱ्याचा भाव काय, याचा ताजा दाखला ऑर्लँडोने दिला. डेसमंड बेन कधी ऑल-स्टार झालेला नाही, तरी त्याच्यासाठी त्यांनी दोन खेळाडूंशिवाय पहिल्या फेरीच्या चार निवडी आणि एक स्वॅप मोजला. बेनला एवढं, तर यानिसला किती लागेल त्याचा अंदाज त्यावरून बांधा.

शेवटी तारखा. उन्हाळ्यात करार केलेल्या खेळाडूला बहुतांशी 15 डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाही. बर्ड हक्काने घसघशीत वाढ घेतलेल्यांसाठी ती तारीख 15 जानेवारी. अफवेतल्या सौद्यात असा खेळाडू असेल आणि बातमी नोव्हेंबरची असेल, तर ती खरी असूच शकत नाही. यानिसचा करार 2026-27 पर्यंत पक्का आहे, पुढचं एक वर्ष त्याच्या मर्जीवर. घाई आज कुणालाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र असेल.

प्रश्न : जोनाथन कुमिंगा, कॅम थॉमस यांचे करार सप्टेंबर संपेपर्यंत लटकले. एवढे गुणी खेळाडू, मग गिऱ्हाईक का नाही?

हे 'रिस्ट्रिक्टेड' मुक्त, म्हणजे करार संपलेले पण पूर्ण मोकळे नसलेले खेळाडू. दुसऱ्या संघाने देऊ केलेली रक्कम जुळवली की मूळ संघ त्यांना ठेवू शकतो. त्यांचा भाव वाढतो तो बाहेरचा संघ मोठी बोली लावेल या भीतीने, आणि यंदा तशी बोली लावण्याइतकी कॅपमधली मोकळी जागा जवळपास एकट्या ब्रुकलिनकडे होती. भीतीच नाही तर भाव कुठला? एप्रनच्या नियमांनी ताऱ्यांपेक्षा या मधल्या फळीलाच जास्त दाबलं आहे. हा अन्याय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

कुमिंगाने 30 सप्टेंबरला गोल्डन स्टेटशी दोन वर्षांचा करार केला, त्यातलं दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर. थॉमस आणि फिलाडेल्फियाचा क्वेंटिन ग्राइम्स यांनी मूळ संघाची एका वर्षाची 'क्वालिफाइंग ऑफर' घेतली, थॉमसची सुमारे 60 लाखांची. पैसा कमी, पण पुढच्या उन्हाळ्यात दोघंही पूर्ण मोकळे होतील आणि तोवर त्यांच्या संमतीशिवाय त्यांचा ट्रेड होऊ शकत नाही. कुमिंगाचा मात्र 15 जानेवारीनंतर होऊ शकतो. तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

प्रश्न : सराव सामन्यांत आमचा संघ सगळे हरला. काळजी करावी का?

नाही. गुणफलक झाकून पाहा. सराव सामन्यात पहिल्या सत्राची साधारण सहा मिनिटं उरली असताना पहिला बदली कोण येतो, आणि दोन तारे एकत्र बाहेर बसतात की आळीपाळीने, हे पाहण्यासारखं. प्रशिक्षकाचा खरा बेत तिथे दिसतो.

टक्केवारीच्या फंदात नोव्हेंबर संपेपर्यंत पडू नका. मुळात 36 टक्के तीन-गुणी मारणारा खेळाडू पहिल्या 60 फटक्यांत नुसत्या नशिबाने 30 टक्क्यांवर दिसू शकतो किंवा 42 वर. त्याने सामन्यामागे किती फटके घेतले आणि कुठून, हा आकडा लवकर स्थिर होतो. बदललेल्या संघात खेळाडूची भूमिका बदलली का, ते त्यातूनच कळतं.

एक नवा नियमही इथे ध्यानात ठेवा. पहिल्या तीन सत्रांच्या शेवटच्या तीन सेकंदांत, आपल्या अर्ध्या मैदानातून सुरू झालेल्या चालीवर 36 फूट किंवा अधिक अंतरावरून भिरकावलेला फटका चुकला, तर तो आता खेळाडूच्या नावावर न लागता संघाच्या नावावर लागेल. टक्केवारी खराब होईल म्हणून चेंडू हातात धरून ठेवणारे आता मारतील.

प्रश्न : पूर्व विभाग यंदा कुणाचा? आणि ओक्लाहोमा सिटीला कोण रोखणार?

पूर्वेत जेसन टेटम आणि टायरीस हॅलिबर्टन दोघंही अकिलिसच्या दुखापतीने बाहेर आहेत. टेटमची शीर मे महिन्यात न्यूयॉर्कविरुद्ध फाटली, हॅलिबर्टनची अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात. बॉस्टनने दुसऱ्या एप्रनखाली यायला जरू हॉलिडे पोर्टलंडला आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला दिला. अल हॉरफर्ड आणि ल्यूक कॉर्नेट करार संपवून गेले. इंडियानाने टर्नर गमावला. उरले क्लीव्हलंड, नवा प्रशिक्षक माइक ब्राउन आणलेला न्यूयॉर्क, आणि बेनमुळे अखेर लांबचा फटका मिळालेला ऑर्लँडो. आमची पसंती न्यूयॉर्कला. क्लीव्हलंडला हंगामाच्या मध्यात कुणी जखमी झाला तर दुरुस्तीची सोय नाही, कारण वर सांगितलेले हात बांधलेले आहेत.

ओक्लाहोमा सिटी गेल्या हंगामात 68 सामने आणि विजेतेपद जिंकून जवळपास जशीच्या तशी परत येते आहे. शे गिल्जस-अलेक्झांडर, चेट होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स, तिघांनीही उन्हाळ्यात मोठे वाढीव करार केले. पण होल्मग्रेन आणि विल्यम्सचे 2026-27 पासून लागतात आणि शेचा त्याच्याही पुढच्या वर्षी. म्हणजे यंदा हा संघ जुन्या भावात खेळतो आहे. बिल पुढच्या वर्षी येईल आणि तेव्हा कुणाला सोडायचं हा प्रश्नही येईल. यंदा नाही. ड्युरांटचे रॉकेट्स पहिल्याच रात्री त्यांच्या मैदानावर उतरतात, आणि त्याच रात्री गोल्डन स्टेट लेकर्सकडे.

पुढच्या तारखा मागणाऱ्यांसाठी: एनबीए कपचे (हंगामातच होणाऱ्या छोट्या स्पर्धेचे) गट सामने 31 ऑक्टोबरपासून, अंतिम सामना 16 डिसेंबरला लास वेगसमध्ये. तो साखळीच्या 82 सामन्यांत धरला जात नाही. ट्रेडची मुदत 5 फेब्रुवारीला पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात दुपारी तीनला संपते. मोकळा केलेला खेळाडू नव्या संघाकडून प्लेऑफ खेळायचा असेल, तर जुन्या संघाने त्याला 1 मार्चपर्यंत सोडलेलं असलं पाहिजे. साखळी 12 एप्रिलला संपेल, 14 पासून सातव्या ते दहाव्या क्रमांकांच्या प्ले-इन लढती आणि 18 पासून प्लेऑफ.